खिम्याचा गोळा आणि त्यातली भर

सुरतेच्या पूर्वेला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. नाव ऐकून कुणी डोंगर शोधायला जाऊ नये. जमीन सपाट आहे, जवळून खाडी जाते आणि पावसाळ्यात ती भरली की आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरते. 'पर्वत' हे तिथल्या जुन्या गावाचे नाव. गुजरातीत पाटियुं म्हणजे फळी, पाटी. हमरस्त्यावर ज्या ठिकाणी गावाकडे वळायची पाटी लागते त्या जागेला 'अमुक पाटिया' म्हणण्याची तिकडे रीत आहे. आता ते गावही शहरात बुडाले आणि ती पाटीही. उरले ते नाव. कापडाच्या धंद्यावर वाढलेला हा भाग. राजस्थानी, गुजराती आणि उत्तरेकडची कुटुंबे इथे राहतात आणि थोडे पलीकडे लिंबायत, गोडादरा, डिंडोली या वस्त्यांत आपली मराठी माणसे भेटतात. नंदुरबार, धुळे, जळगावकडून सुरत-भुसावळ रेल्वेने पोटापाण्यासाठी आलेली ही खानदेशी मंडळी. त्यांच्या घरांत अजूनही अहिराणी कानावर पडते.

एवढ्याशा टापूत किती प्रकारचे गोळे शिजतात पाहा. सुरती उंधियूत मेथीच्या मुठिया असतात, मुठीने वळलेल्या. खानदेशी घरात फुणके होतात. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, तिखटमीठ घालून मुटके वळायचे, वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. राजस्थानी किंवा गुजराती थाटाच्या हॉटेलात 'कोफ्ता' मागितला तर दुधीचा किंवा पनीरचा येणार. आणि आता यांच्यात एक चौथा गोळा आला आहे. तो मोबाइलवरून आला. व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले आणि साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी दटावलेली मध्यमवयीन माणसे त्याच्या कृती एकमेकांना धाडतात. भरपूर प्रथिने आणि नावालाच कर्बोदके असलेला खिम्याचा गोळा. खिमा, अंडे, आले-लसूण, मसाला, एवढेच. पाव नाही, बटाटा नाही, तांदूळ नाही, डाळीचे पीठही नाही.

आपल्या गोव्यातही हा गोळा पोचलेला आहे, म्हणून हा लेख. त्यात सत्त्व किती, हा प्रश्न साधा वाटतो. पण नव्या कृतीने जी वस्तू गोळ्यातून काढून टाकली, ती भर, शेकडो वर्षे त्यात का होती हे समजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

आधी शब्दाचा माग काढू. 'कोफ्ता' हा शब्द फारसी. 'कुफ्तन' म्हणजे कुटणे, आणि कुटलेले ते कोफ्ता. म्हणजे नाव आकारावरून पडलेले नाही, कष्टावरून पडलेले आहे. अरबांनी मात्र आकार पाहिला. 'बुंदुक' म्हणजे हेझलनट हे फळ. तेवढी गोळी ती 'अल्-बुंदुका'. अरब स्पेनमध्ये गेले, तिथे त्याचे 'अल्बोंदिगा' झाले आणि शेजारच्या पोर्तुगीज भाषेत 'आल्मोंदेगा'. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर जहाजात बसून मांडवीच्या मुखाशी उतरला. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत खिम्याच्या गोळ्यांना आल्मोंदेग म्हणतात तो हाच. तेव्हा एकच पदार्थ पश्चिम आशियातून दोन वाटांनी हिंदुस्थानात आला असे म्हणायला हरकत नाही. एक वाट इराण आणि दिल्लीच्या दरबारांतून जमिनीवरची, दुसरी लिस्बनला वळसा घालून समुद्रावरची. अबुल फज्लच्या 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्याची यादी आहे. तीत खिमा पुलाव, खिमा शोरबा, हरीसा, हलीम हे कुटलेल्या किंवा बारीक केलेल्या मांसाचे पदार्थ दिसतात, आणि त्यांपैकी बहुतेकांत मांसाबरोबर तांदूळ किंवा गहू आहे हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अर्थात कुटलेले मांस शिजवायला आपल्याला कुणी परक्याने शिकवले असे मात्र समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याच्या घराण्याचे आपल्या गोव्याचे कदंब मांडलिक होते, त्याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मांसाच्या अनेक कृती आहेत. बारीक केलेले मसालेदार मांस वांग्यात भरून तळण्याची कृतीही त्यात सापडते. आजची भरली वांगी करताना कुणाला हे आठवत नसेल, पण वांगे इथे गोळ्याचे भांडे झाले आहे एवढे खरे.

या दोन वाटा जिथे एकमेकींना भेटल्या ते बंदर म्हणजे सुरत. सुरत म्हटली की आपल्याला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात, शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांची. गोवेकराने आणखी एक साल लक्षात ठेवावे, १५३०. त्या वर्षी पोर्तुगीजांनी सुरत जाळली होती. अशा हल्ल्यांना तोंड देण्यासाठीच गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून तापीकाठचा किल्ला बांधला गेला. पुढे हेच मोगलांचे मोठे बंदर झाले. हजचे यात्रेकरू इथूनच जहाजावर चढत. इंग्रज, डच, फ्रेंच अशा सगळ्यांच्या वखारी इथे आल्या.

या इंग्रजी वखारीत १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री आला. परत गेल्यावर त्याने सुरतेच्या प्रवासाचे पुस्तक लिहिले आणि ते १६९६ साली छापले गेले. त्यात वखारीच्या जेवणाचे वर्णन आहे. तो सांगतो की प्रत्येकाच्या जिभेला रुचेल असे जेवण व्हावे म्हणून वखारीत तीन आचारी ठेवले होते. एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी. त्या काळी 'पोर्तुगीज' या शब्दात गोवा, दमण, वसईकडचे इथलेच ख्रिस्ती लोकही मोडत. तेव्हा सुरतेच्या त्या चुलीवर कोफ्ता आणि आल्मोंदेग शेजारी शेजारी शिजले असतील, असा तर्क करायला जागा आहे. ओव्हिंग्टनने कबाबाचेही वर्णन केले आहे. मांसाचे लहान तुकडे, मीठ-मिरी, तेल आणि लसूण. 'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' अशी गुजरातीत म्हण आहे. ती किती जुनी कोण जाणे, पण या वखारीतल्या लोकांनी तिला मान डोलावली असती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मांस कुटायचे कशासाठी? चांगला, कोवळा, बिनहाडाचा तुकडा कुणी कुटत नाही. तो भाजतात किंवा रश्शात टाकतात. कुटायचे ते निबर मांस, म्हाताऱ्या जनावराचे, कडेचे, हाडाला चिकटलेले, कालचे उरलेले. कुटल्याने स्नायूंचे धागे तुटतात आणि चावायला न येणारे मांस खाता येते. पण कुटलेले मांस शिजताना आवळते, पाणी सोडते, फुटते आणि चिवट होते. तिथे भर मदतीला येते. भिजवलेला पाव, शिजलेला भात, वाटलेली डाळ, उकडलेला बटाटा, यांपैकी काहीही घातले तरी त्यातले पिष्ट सुटणारे पाणी आणि चरबी धरून ठेवते. गोळा मऊ राहतो. आणि दुसरे काम, जे कुठल्याही गृहिणीला सांगावे लागत नाही, ते म्हणजे पुरवठा. अर्ध्या किलो मांसात चार माणसांऐवजी सात माणसे जेवतात.

म्हणून ज्या प्रदेशात जे पिकते ते गोळ्यात जाते. उत्तरेकडच्या शामी कबाबात मांसाबरोबर हरभऱ्याची डाळ शिजवून दोन्ही एकत्र वाटतात. सुरत-नवसारीकडचे पारशी धानसाकबरोबर खिम्याचे 'कवाब' वाढतात. त्यांत बटाटा किंवा पाव असतो. आपल्याकडच्या क्रोकेटात भिजवलेला पाव आणि अंडे. आणि पटेट चॉपमध्ये तर भर बाहेरून येते. बटाट्याची पारी आणि आत चमचाभर खिमा. मराठी घरातल्या गोळ्यांच्या आमटीत आणि विदर्भातल्या गोळाभातात भरीनेच सगळा गोळा व्यापला आहे. तिथे मांस नाहीच, हरभऱ्याची डाळ आहे.

पावाचेही एक सांगायला हवे. गोव्याचा पोदेर पूर्वी सूर घालून पीठ आंबवायचा हे आपल्याला माहीत आहे. सुरतेतही पाव ताडीने आंबवत. तिथली दोतीवाला ही जुनी पारशी बेकरी आपला वारसा थेट डच वखारीच्या भट्टीपर्यंत नेते, आणि सुरतेची बिस्किटासारखी 'बतासा' ही उरलेल्या वाळक्या पावातूनच निघाली असे सांगतात. म्हणजे सुरतेला काय आणि गोव्याला काय, पाव परक्यांच्या वखारीतून आला, माडा-ताडाच्या रसाने फुगला आणि शिळा झाल्यावर खिम्यात गेला. शिळ्या पावाला याहून चांगली गती नाही.

मग ही भर गोळ्यातून काढायची कल्पना कधी निघाली? ती स्वयंपाकघरात निघाली नाही, दवाखान्यात निघाली. १७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने मधुमेहाच्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याने कॅप्टन मेरेडिथ या रुग्णाचे अन्नधान्य जवळजवळ बंद करून त्याला प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नावर ठेवले. रक्ताचे पुडिंग, मुरलेले मांस असले जेवण. लघवीतली साखर कमी झाली. इन्सुलिन तेव्हा सव्वाशे वर्षे दूर होते. ते टोरांटोत १९२१ साली सापडले आणि जानेवारी १९२२मध्ये एका मुलाला पहिल्यांदा टोचले गेले. तोपर्यंत पिष्ट तोडणे हाच काय तो उपाय होता.

त्यानंतर १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंगने आपल्या लठ्ठपणावर एक छोटी पुस्तिका काढली. हा वैद्य नव्हता, अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे, बियर सोडली, मांस-मासे ठेवले आणि वजन उतरवले. पुस्तिका इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही 'बांता' म्हणतात. आणि मग आला खरा गोळेवाला, अमेरिकेचा डॉ. जेम्स सॅलिसबरी. १८८८ सालच्या त्याच्या ग्रंथात पिष्ट आणि भाज्या पोटात आंबून विष करतात असा सिद्धांत आहे, आणि उपाय म्हणून दिवसातून तीन वेळा बारीक केलेल्या, चोथा काढलेल्या गोमांसाच्या चपट्या वड्या आणि त्यासोबत गरम पाणी. सॅलिसबरी स्टेक हे नाव त्याचेच. त्याचा सिद्धांत पुढे टिकला नाही. पण भाकरी-पावाशिवायचा, केवळ मांसाचा औषधी गोळा जगात आणला तो त्याने. आज मोबाइलवर फिरणारी कृती ही त्याच गोळ्याची पणती म्हणायची.

आता थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, मांसागणिक, पावागणिक थोडे इकडे तिकडे होतील. अर्धा किलो बिनचरबीचा बकऱ्याचा खिमा घ्या. त्यात सुमारे १०० ग्रॅम प्रथिने असतात, पिष्ट नाहीच. एका अंड्याची ६ ग्रॅम प्रथिने धरा. आता जुन्या पद्धतीने त्यात चार तुकडे पाव घातला, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, तर ८ ग्रॅम प्रथिने आणि ५० ग्रॅम पिष्ट आणखी आले. कांदा-कोथिंबिरीचा हिशेब सोडून द्या. या मिश्रणाचे २० गोळे झाले असे समजा. एका गोळ्यात ५.७ ग्रॅम प्रथिने आणि अडीच ग्रॅम पिष्ट. पाव न घालता त्याच आकाराचे गोळे वळले तर ते १७ होतात. प्रत्येकात ६.२ ग्रॅम प्रथिने, आणि पिष्ट जवळजवळ शून्य.

म्हणजे 'भरपूर प्रथिनांचा' जो गाजावाजा तो गोळ्यामागे अर्ध्या ग्रॅमचा. प्रथिने मांसाची आहेत, ती आधीही होती. पाव काढल्याने ती वाढत नाहीत, फक्त तीन गोळे कमी होतात. आणि गंमत पुढेच आहे. पावाऐवजी ६० ग्रॅम भाजलेल्या हरभऱ्याचे, म्हणजे डाळ्याचे पीठ घातले तर साधारण १२ ग्रॅम प्रथिने आणि ३५ ग्रॅम पिष्ट वाढते. गोळे होतात १९. प्रत्येकात पुन्हा ६.२ ग्रॅमच प्रथिने, आणि पिष्ट दोन ग्रॅमहून कमी. बिनभरीच्या गोळ्याइतके सत्त्व, गोळे दोन अधिक, आणि वर मऊपणा. शामी कबाब करणाऱ्या जुन्या बावर्च्यांनी कुठलीही प्रयोगशाळा न पाहता हे गणित सोडवून ठेवले होते.

पण याहून मोठी गोष्ट ताटात आहे. पावाचे पाच गोळे खाल्ले तर भरीतून साडेबारा ग्रॅम पिष्ट पोटात जाते. त्यांच्याबरोबर शिताचा एक बऱ्यापैकी ढीग, दोनशे ग्रॅम शिजलेला भात घेतला तर त्यातून ५५ ग्रॅमच्या आसपास जाते. दोन पाव घेतले तरी ५० ग्रॅम. तेव्हा गोळ्यातून पाव काढून टाकायचा आणि बरोबर भात नेहमीइतकाच वाढून घ्यायचा, यात केवळ समाधान आहे. गोळ्यात पाव राहू द्या आणि भात अर्धा करा, पिष्ट दुपटीहून अधिक वाचते.

डाळीच्या गोळ्याचाही हिशेब मांडायला हवा, कारण पर्वत पाटियाच्या परिसरातल्या कित्येक घरांत मांस शिजतच नाही. पाव किलो कोरड्या डाळीचे २० फुणके केले तर एकेकात पावणेतीन ग्रॅम प्रथिने आणि सुमारे सात ग्रॅम पिष्ट. डाळ म्हणजे प्रथिने असे आपण म्हणतो, पण डाळीत प्रथिनांच्या अडीचपट पिष्ट असते हे सहसा कुणी सांगत नाही. तरी ते पिष्ट चोथ्यासकट येते आणि रक्तात सावकाश उतरते, पावासारखे धावत नाही. फुणके भाताऐवजी खाल्ले तर फायदा, भातावर खाल्ले तर नाही. मलई कोफ्त्याचे विचाराल तर पनीरमध्ये प्रथिने चांगली, पण त्याला बांधायला बटाटा आणि मक्याचे पीठ, वर तळणे, वर काजूची ग्रेव्ही. सुरतेत मात्र एक चीज मांस न खाणाऱ्यांपैकी अंडे चालणाऱ्यांच्या उपयोगी आहे. 'घोटाळो' म्हणतात तिला. उकडलेली अंडी किसून मसाल्यात परततात आणि त्यात वरून आणखी अंडे मिसळतात. हा अंड्याचा खिमाच झाला, आणि त्यात पिष्ट जवळजवळ नाही. फक्त तो पावाबरोबर किती खायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रश्न इथे संपत नाही. उलट खरा इथे सुरू होतो. हा बिनभरीचा गोळा कुणी खावा?

पु. वि. सुखात्मे यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला त्यांनी जवळजवळ वीस वर्षे सांख्यिकी विभाग सांभाळला. त्या काळात जगभर 'प्रथिनांची तूट' हा परवलीचा शब्द झाला होता. गरीब देशांची मुले खुरटतात ती प्रथिने नाहीत म्हणून, तेव्हा दूध पावडर पाठवा, माशांचे पीठ पाठवा, प्रथिनांच्या गोळ्या काढा, असा सगळा सूर. सुखात्म्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे तपासले आणि १९७०च्या सुमारास वेगळे सांगायला सुरुवात केली. प्रथिने कमी पडणारी बहुतेक माणसे मुळात पोटभर जेवतच नाहीत. शरीराला आधी इंधन लागते. धान्यातून ते मिळाले नाही तर शरीर प्रथिने जाळते. अर्धपोटी माणसाला महागडी प्रथिने देणे म्हणजे चुलीत सागवान घालणे. त्याला आधी भाकरी द्या, डाळ-भाकरीतली प्रथिने मग कामाला लागतील. पुढे १९७४ साली डोनाल्ड मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या प्रथिनांच्या मोहिमेला सपशेल फसगत ठरवले. सुखात्म्यांचे सगळेच सगळ्यांना पटले असे नाही. दांडेकर आणि रथ यांनी १९७१च्या आपल्या दारिद्र्यावरच्या ग्रंथात दिवसाला २२५० उष्मांकांची रेषा धरली, तिच्यावरून सुखात्मे आणि दांडेकर यांची पुण्यात बरीच वर्षे चकमक चालली. लहान मुले आणि गरोदर बाया यांचे पोट नुसत्या धान्याने भरून भागत नाही हेही खरे. पण प्रथिनांची किंमत बरोबरच्या धान्यावर ठरते, हा सुखात्म्यांचा मूळ मुद्दा खोडला गेला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली जे आहारमान ठरवले त्यात हाच मुद्दा आकड्यांत दिसतो. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने पुरतात. तो खुर्चीत बसून काम करो की ओझी वाहो, प्रथिनांचा आकडा तोच. उष्मांक मात्र बैठ्या माणसाला २११० आणि कष्टकऱ्याला ३४७०. फरक साडेतेराशे उष्मांकांचा, आणि तो भरून काढायचा कशाने? भाकरीने, भाताने, तेलाने. म्हणजे भरीने.

आता पुन्हा सुरतेकडे पाहा. तिथल्या यंत्रमागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. खटखटाटात उभे राहून, माग सांभाळत माणूस दिवस काढतो. त्याच्या डब्यात फुणके आणि भाकरी असेल, किंवा सणावारी खिम्याचे गोळे आणि चपाती असेल, तर त्यातली भर काढून त्याचे भले होणार नाही. त्याला बिनभरीचा गोळा आणि बिनभाकरीचा डबा दिला तर त्याने विकत घेतलेले महागडे मांस मागावरच जळून जाईल. त्याच शहरात, अगदी त्याच चौकात, दिवसभर गादीवर बसून साड्यांचा हिशेब लिहिणारा माणूस आहे. त्याच्या ताटातला भात मात्र उतरायला हवा. प्रथिने दोघांना सारखीच हवीत. भर सारखी नको.

आणि आपण गोवेकर यांपैकी कोण? या प्रश्नाचे उत्तर गोड नाही. देशभरातल्या मधुमेहाची जी मोठी पाहणी झाली तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि राज्यांच्या यादीत सगळ्यांत वर होता गोवा, २६.४ टक्के. चार प्रौढांत एकाहून अधिक. त्याच पाहणीच्या आधारावर २०२५ साली आलेल्या अभ्यासात भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो असे दिसले, आणि त्यातला थोडा वाटा डाळी-दुधाच्या प्रथिनांकडे वळवला तर मधुमेहाचा धोका कमी राहतो असाही कल आढळला. एकेकाळी कुळागरात, शेतात, पदरावर, होडीत राबणाऱ्या माणसाचे ताट आपण जसेच्या तसे ठेवले, शीत तेवढेच, पाव तेवढेच, आणि काम तेवढे बदलले. आजोबा कोयता घेऊन माडावर चढत होते, नातू स्कूटरवरून नाक्यापर्यंत जातो. ताटातली भर आजोबांचीच आहे.

म्हणून या नव्या गोळ्याची टिंगल करण्याचे कारण नाही. बैठ्या माणसाला, साखर वाढलेल्या माणसाला तो योग्यच आहे, मात्र काही अटींवर. तो भाजलेला किंवा रश्शात शिजवलेला असावा, तेलात बुडवून काढलेला नको, कारण तळताना पाव वाचवून तेल घ्यायचे ही काही काटकसर नव्हे. त्याच्याबरोबरचे शीत खरोखर कमी व्हावे आणि ती जागा भाजीने भरावी. भर हवीच असेल तर डाळ्याच्या पिठाची घालावी. मधुमेहात ज्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. प्रथिनांचे डबे विकत आणायची तर गरजच नाही. २०२४ सालच्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेनेही शरीर कमावण्यासाठी असले डबे टाळा असेच सांगितले आहे. आणि गोवेकराला तर खिम्याचीही सक्ती नाही. बांगड्यात मटणाइतकीच प्रथिने असतात. काटे काढून त्याचे गोळे आपल्याकडे कटलेट या नावाने होतातच. त्याला रव्याचे जाड कवच आणि बटाट्याचे पोट द्यायचे की नाही, एवढाच निर्णय घ्यायचा.

वखारीच्या त्या तीन आचाऱ्यांना प्रथिने हा शब्द ठाऊक नव्हता. पण जेवायला कोण बसले आहे हे पाहून रांधायचे, एवढे त्यांना कळत होते. तीन आचारी ठेवण्याचे कारणच ते होते. आपल्या घरात आचारी एकच असतो, बहुधा आई किंवा बायको, आणि पंगतीला कष्ट करणारा, अभ्यास करणारा, निवृत्त झालेला असे सगळे बसतात. गोळे सगळ्यांना तेच वाढावेत. शीत मात्र प्रत्येकाने आपल्या दिवसभराच्या कामाकडे पाहून वाढून घ्यावे.